मिनू, मुक्काम उंचावर टाक

मिनू, तुझा बेत ऐकून मला मनापासून आनंद झाला. आई-बाबांना घेऊन आरव्हीतून, म्हणजे चाकांवरच्या घरातून, फिरायचं, लास व्हेगासला गाडी ताब्यात घ्यायची आणि झायन, ब्राइस, पेज, ग्रँड कॅन्यन करून परत तिथेच सोडायची. त्यांच्या वयाला रोज नवं हॉटेल आणि रोज बॅगांची उघडझाक यापेक्षा हे कितीतरी सुखाचं. स्वतःचं बाथरूम सोबत, चहाचं आधण हवं तेव्हा, वाटलं की लगेच पाठ टेकायला जागा. पण तू जुलै महिना धरला आहेस आणि "गाडीला एसी आहे की गं ताई" एवढं म्हणून पुढच्या विषयाकडे वळलीस, तिथे माझा जीव अडकला. म्हणून आज जरा निवांत बोलू या. आम्ही फिनिक्सला राहतो. २०२३ च्या उन्हाळ्यात इथे सलग ३१ दिवस दुपारचा पारा ११० फॅरनहाइटला, म्हणजे ४३ सेल्सियसला, किंवा त्याच्या वर पोहोचत होता. आमच्या आवारात आरव्ही उभी असते. उन्हाळ्यात ती कधी, कुठे आणि कशी न्यायची हा आमच्या घरात दरवर्षी होणारा विचार आहे.

आई काय म्हणेल ते मला आत्ताच ऐकू येतंय. "जळगावच्या उन्हात जन्म काढला आम्ही, आम्हाला उन्हाचं काय सांगता!" तिचं खरंच आहे. पण जळगावला पारा पंचेचाळिसाला टेकला तरी ती खालच्या मजल्यावर, जाड भिंतींच्या आड, दारं-खिडक्या लोटून पडलेली असते. आरव्हीची भिंत जेमतेम दोन इंचांची. आत फोम, बाहेर फायबरग्लास किंवा अॅल्युमिनियमचा पत्रा. छप्पर उघड्यावर, चारी बाजू उघड्यावर, पुढची काच खोलीच्या खिडकीहून मोठी. शेजारी घर नाही, वर मजला नाही. सकाळपासून ती गाडी ऊन पीत असते आणि दुपारी दोनला प्यालेलं सगळं आत सोडायला लागते. आईची उन्हाची सवय त्या डब्यात बसून उपयोगाला येणार नाही, हे तिला आधीच प्रेमाने सांगून ठेव.

आता एसीचं. छतावरचा एसी बहुतेक वेळा १३,५०० किंवा १५,००० बीटीयूचा असतो. आपल्याकडच्या हिशेबात १२,००० बीटीयू म्हणजे एक टन, तेव्हा हा टनाहून थोडाच मोठा. तो आतली हवा ओढतो आणि साधारण वीस अंश फॅरनहाइट थंड करून परत सोडतो. एका फेरीत त्याहून जास्त त्याच्या हातात नसतं. गाडी आधीच तापून आत शंभर झालेलं असेल, तर एसीतून ऐंशीची हवा येणार आणि तीही पुन्हा तापलेल्या भिंतींना लागणार. त्यामुळे दुपारी दोनला एसी लावून तीनपर्यंत गारवा मिळेल ही आशा सोड. बाहेर ११० असताना एकट्या एसीला आतला पारा ८५ च्या खाली ठेवणं जड जातं. मग तो रात्री दहापर्यंत एकसारखा घरघरत राहतो, आणि छप्पर इतकं खाली असतं की तो आवाज डोक्यावरच असतो. बाबांना अशा आवाजात झोप लागेल का, तूच सांग.

म्हणून माझं सांगणं एकच. गाडी गार ठेवायची असेल तर आधी रात्र कुठे काढायची ते ठरव, यंत्राचं त्यानंतर. हजार फूट वर चढलं की हवा साधारण साडेतीन ते पाच अंश फॅरनहाइटने उतरते. तुझ्या वाटेवर ही चढण फुकट मिळते आहे, तिचा पुरेपूर फायदा घे.

बघ, लास व्हेगास दोन हजार फुटांवर आहे. जुलैत दुपारी सरासरी १०४-१०५, म्हणजे चाळीस सेल्सियस. झायनची दरी चार हजार फुटांच्या आसपास, तिथेही दुपारी शंभर ठरलेले. पेज थोडं वर, ४,३०० फुटांवर, दुपारी नव्वदीच्या शेवटाला. आणि ब्राइस? आठ हजार फूट! तिथे जुलैतली दुपार ऐंशीच्या आसपास आणि रात्र पन्नासच्याही खाली, म्हणजे आईला शाल लागणार. ग्रँड कॅन्यनची दक्षिण कड सात हजार फुटांवर, दुपारी चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशी आणि रात्री सुखाची थंडी. या दोन ठिकाणी तुला एसी लावायचीसुद्धा गरज पडणार नाही. संध्याकाळी खिडक्या उघडल्यास की पाइनचा वास घेऊन वारा आत येईल.

तुझ्या बेतात झायनला तीन रात्री आहेत, ब्राइसला एक आणि ग्रँड कॅन्यनला एक. हे उलटं कर. झायनला एकच रात्र ठेव, फार तर दोन. ब्राइसला दोन-तीन, ग्रँड कॅन्यनला दोन. पेजला संध्याकाळी पोहोचायचं, दुसऱ्या दिवशी सकाळी अँटिलोप कॅन्यन बघायचं आणि दुपारच्या आत निघायचं. हॉर्सशू बेंडला जाऊन-येऊन दीड मैल चालावं लागतं आणि वाटेत सावली नावालाच. आईला न्यायचं असेल तर सकाळी सातच्या सुमाराला, नाहीतर नेऊच नकोस. मला ती जागा आवडते, पण आईच्या गुडघ्यांपुढे आणि त्या उन्हापुढे फोटो गेला तरी चालेल.

उंचीवर पहिल्या दिवशी मात्र दोघांनाही थोडी धाप लागेल. आठ हजार फुटांवर हवा विरळ असते. तो दिवस नुसतं कड्यावर बसून बघण्यात घालवा, सूर्यास्त तसाही तिथे बसूनच बघायचा असतो. बाबांच्या डॉक्टरांना उंचीचं आणि उन्हाचं, दोन्ही विचारून ये.

व्हेगासला पहिली रात्र आरव्हीत काढू नकोस. भाड्याची गाडी बहुतेक दुपारीच ताब्यात देतात आणि ती सकाळपासून डांबरी आवारात उभी असते. आदल्या रात्री आई-बाबा हॉटेलात राहू देत. दुपारी तुम्ही नवरा-बायको, तू आणि समीर, जाऊन गाडी घ्या, ती समजावून सांगत असताना जनरेटर चालू करून छतावरचा एसी लावायला सांगा आणि दहा मिनिटांनी हात वर करून बघा. हवा गार येते आहे का, जोरात येते आहे का. जाळी काढून आतला फिल्टर बघा. धुळीने भरला असेल तर तिथेच धुऊन मागा, लाजू नका. सही त्यानंतर. मग मावळतीला आई-बाबांना घेऊन निघा. वाटेत सेंट जॉर्ज लागतं, ते जवळपास व्हेगासइतकंच तापतं, तिथे थांबण्यात अर्थ नाही. तासाभराने पुढे सीडर सिटी आहे, ५,८०० फुटांवर. पहिल्या रात्री तिथे हूकअप, म्हणजे वीज-पाण्याची जोडणी, असलेली साइट घेतलीस तर सगळ्यांना गाडीची सवय गारव्यात होईल. तिथून ब्राइस आधी करायचं आणि झायन नंतर, असंही जमतं.

आणि हो, समीरच्या तोंडून डेथ व्हॅलीचं नाव आलं होतं. "व्हेगासहून जवळच तर आहे" म्हणाला. त्याला सांग, जगातलं सर्वांत जास्त हवेचं तापमान म्हणून ज्याची नोंद आहे ते तिथल्या फर्नेस क्रीकचं, १० जुलै १९१३ चं, १३४ फॅरनहाइट, ५६.७ सेल्सियस. भाड्याने गाडी देणाऱ्या अनेक कंपन्यांच्या करारातच उन्हाळ्यात तिथे जायची मनाई असते. आई-बाबा सोबत असताना तो विषय माझ्यापुरता संपला. हिवाळ्यात या, आपण सगळे मिळून जाऊ.

आता रस्त्यावरचं. पुढच्या डॅशबोर्डचा एसी चालवणाऱ्याला आणि शेजारच्याला पुरतो. मागे बसलेल्या आई-बाबांपर्यंत आणि मुलांपर्यंत त्यातलं काही पोहोचत नाही. तेव्हा दुपारी चालत्या गाडीत जनरेटर लावून छतावरचा एसी सुरू ठेवायचा. यासाठी कंपनी जनरेटरचे तासाप्रमाणे पैसे घेते. ते पैसे वाचवायचा मोह तुला होईल, मला माहीत आहे, तू आपल्या आईचीच लेक आहेस. पण हे पैसे वाचवायचे नाहीत. वाटल्यास सकाळी लवकर निघून ते तास कमी कर. साडेपाचला निघालीस तर दहापर्यंत दीडशे-दोनशे मैल होतात, गाडीही शांत असते आणि टायरही.

या वाळवंटातल्या लांब चढणींवर ठिकठिकाणी पाट्या दिसतात, इंजिन तापू नये म्हणून एसी बंद करा. तुम्ही कॅलिफोर्नियाहून व्हेगासला याल तेव्हा आंतरराज्य १५ वर बेकरच्या पुढे अशी चढण लागेल. ती पाटी गंभीरपणे घ्यायची. पुढचा एसी इंजिनवर चालतो, भरलेली जड गाडी चढाला लागली की इंजिनला ते ओझं सोसत नाही. छतावरचा एसी जनरेटरवर चालतो, त्याचा इंजिनशी संबंध नाही. म्हणजे चढावर पुढचा बंद करायचा आणि मागचा चालू ठेवायचा, आई-बाबांना कळणारसुद्धा नाही. तरीही काटा चढायला लागला तर पुढचा हीटर लावून काचा उघडायच्या. ऐकायला विचित्र वाटतं, पण त्याने इंजिनची उष्णता बाहेर काढली जाते. मग सुरक्षित जागा बघून थांबायचं. रेडिएटरचं झाकण तापलेलं असताना कोणीही उघडायचं नाही.

एक गोष्ट कंपनीचा माणूस घाईत सांगायची विसरतो. पेट्रोलवर चालणाऱ्या आरव्हीत जनरेटर गाडीच्याच टाकीतून पेट्रोल घेतो आणि टाकी पाव भागाच्या खाली गेली की बहुतेक गाड्यांत तो आपोआप बंद पडतो. भर उन्हात जनरेटर बंद पडून पंप शोधत बसायची वेळ येऊ नये म्हणून टाकी कायम अर्ध्याच्या वर ठेव. या भागात पंप तसेही लांब-लांब आहेत. आणि रात्री जनरेटर चालू ठेवून झोपायचं नाही, कितीही उकडलं तरी. त्याच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, वास येत नाही. गाडीतला त्याचा अलार्म पहिल्याच दिवशी बटण दाबून वाजवून बघ.

साइटवर पोहोचलीस की विजेचं गणित येतं. ते समीरला नको, तूच समजून घे, कारण स्वयंपाक तू करणार. मध्यम आकाराच्या आरव्हीला ३० अँपचं हूकअप असतं. १२० व्होल्टने ३,६०० वॉट, एवढंच. एकटा एसी त्यातले बारा ते सोळा अँप खातो. मायक्रोवेव्ह लावलास की आणखी बारा-तेरा. पाणी तापवायचा हीटर विजेवर ठेवलेला असेल तर आणखी बारा. तिन्ही एकदम चालले की ब्रेकर पडलाच, आणि एसी बंद. म्हणून पाण्याचा हीटर गॅसवर ठेव, इंडक्शन किंवा इन्स्टंट पॉट लावायचा तर मायक्रोवेव्हला हात लावायचा नाही. ५० अँपचं हूकअप वेगळं, त्याला चार दांड्यांचा प्लग असतो आणि १२,००० वॉटपर्यंत मिळतात, पण ते मोठ्या, दोन एसींच्या गाड्यांसाठी.

ब्रेकर पडून एसी बंद झाला तर लगेच चालू करू नकोस. तीन-चार मिनिटं थांब, कॉम्प्रेसरमधला दाब उतरू दे. आणि दुपारी चार वाजता कॅम्पग्राउंडमधल्या सगळ्या गाड्यांचे एसी एकदम ओढ घेतात तेव्हा व्होल्टेज खाली येतं. ते १०५ च्या आसपास आलं की एसीची मोटर खराब होऊ शकते. खांब आणि गाडीची केबल यांच्यामध्ये लावायचा सर्ज प्रोटेक्टर मिळतो. त्यातला व्होल्टेजचा आकडा दाखवणारा आणि कमी झाल्यावर वीज तोडणारा घे. आमच्याकडचा तू घेऊन जा, विकत घेऊ नकोस.

एसी सकाळी आठलाच लाव, ऊन चढायच्या आत. थर्मोस्टॅट पंच्याहत्तरवर, पंखा 'हाय'वर, 'ऑटो'वर नाही. तो साठवर नेऊन ठेवल्याने काहीही लवकर गार होत नाही, उलट आतल्या कॉइलवर बर्फ धरतो आणि वारा येईनासा होतो. तसं झालंच तर कॉम्प्रेसर बंद करून नुसता पंखा तासभर चालू ठेव, बर्फ वितळतो.

मिनू, एवढं सगळं यंत्राचं सांगितलं, पण खरं काम उन्हाला आत न येऊ देण्याचं आहे आणि त्यात तू कोणाहीपेक्षा चोख राहशील. सगळ्यात आधी पुढची काच. तिथून जेवढी उष्णता येते तेवढी बाकी सगळीकडून मिळून येत नसेल. गाडी उभी केली रे केली की तिच्यावर बाहेरून झाकण पडलं पाहिजे. आतून लावलेला पडदा काच तापल्यावर ती उष्णता आतच ठेवतो, बाहेरून लावलेलं झाकण ऊन काचेपर्यंत पोहोचूच देत नाही. ते नाही मिळालं तर हार्डवेअरच्या दुकानात चांदीसारखा चकचकीत बबल-फॉइलचा रोल मिळतो, तो कात्रीने कापून आतून खिडक्यांत घट्ट बसवायचा. न्हाणीच्या वर एक पारदर्शक झरोका असतो, त्याला सगळे विसरतात. छतातल्या चौकोनी व्हेंटना बसणाऱ्या गाद्या मिळतात, १४ इंच बाय १४ इंच, सगळीकडे तेच माप. त्या घे. पुढच्या सीटच्या मागे पडदा असतोच, थांबल्यावर तो ओढून घ्यायचा म्हणजे एसीला ड्रायव्हरची बाजू गार करावी लागत नाही. दिवसभर दार धाडधाड उघडायचं नाही, हे मुलांना पहिल्या दिवसापासून.

मग गाडीचं तोंड. अमेरिकेत आरव्हीचं दार आणि त्याच्यावरचं ऑनिंग, म्हणजे बाहेर ओढायचं कापडी छप्पर, उजव्या बाजूला असतं. उन्हाळ्यात इथला सूर्य ईशान्येला उगवतो आणि वायव्येकडे मावळतो, म्हणजे दुपारी तीन ते सात पश्चिमेची बाजू भाजते. साइट अशी मिळाली की गाडीचं नाक उत्तरेला करता येईल, तर दार पूर्वेला येतं आणि दुपारनंतर गाडीची स्वतःची सावली दारापुढे पडते. आई-बाबांना खुर्च्या टाकून बसायला ती उत्तम. पुढच्या काचेवरही भर दुपारचं ऊन येत नाही. त्याउलट नाक दक्षिणेला केलंस तर ऑनिंग पश्चिमेला येतं आणि भिंतीवर सावली धरतं, आत थोडं बरं राहतं, पण बाहेर बसता येत नाही. मी नेहमी पहिलं निवडते, कारण म्हातारी माणसं संध्याकाळी आत कोंडलेली मला बघवत नाहीत. पश्चिमेच्या खिडक्यांवर मग बाहेरून चादर बांधते. झाडाची सावली मिळाली तर ती या सगळ्याच्या वर. कॉटनवूडची झाडं झायनला आहेत, पण सगळ्या साइट्सना नाहीत. ऑनिंग उघडं ठेवून फिरायला जायचं नाही. जुलैत दुपारी वावटळी सुटतात, वादळं येतात, फाटलं तर भुर्दंड तुझ्यावर.

रात्री बाहेरचं तापमान आतल्यापेक्षा खाली उतरलं की एसी बंद कर, दिवसा सावलीत राहिलेल्या बाजूची एक खिडकी उघड आणि छतातला पंखा हवा बाहेर फेकेल असा लाव. एकच खिडकी, आई-बाबांच्या उशाशी. सगळ्या उघडल्यास तर वारा विखुरतो. झायनला हे लवकर होत नाही, तिथले लाल कडे रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत राहतात. पहाटे मात्र छान गार असतं. ड्रायव्हरच्या डोक्यावरचा झोपायचा माळा, ज्याच्यावर मुलांचा डोळा आहे, ती गाडीतली सर्वांत गरम जागा. तिथे एक छोटा यूएसबी पंखा लाव, आणि झायनच्या रात्री मुलांना खाली झोपव.

तुला कूलरचं सुचेल, वाळ्याची ताटी लावून. कोरड्या हवेत पाण्याचा कूलर झकास काम करतो, आणि जूनमध्ये मी 'हो' म्हटलं असतं. पण जुलैच्या मध्यापासून या भागात मॉन्सून येतो, इथेही त्याला मॉन्सूनच म्हणतात. हवा दमट झाली की कूलर नुसती ओल देतो, आणि एसीसोबत लावला तर एसीचंच काम वाढतं. राहू दे.

स्वयंपाक आत करायचा नाही. गॅसची ज्योत उष्णतेबरोबर वाफही सोडते आणि कुकरच्या चार शिट्या म्हणजे एसीची तासाभराची मेहनत गेली. बहुतेक गाड्यांना बाहेरच्या बाजूला एक सॉकेट असतं, तिथे इंडक्शन लावून पिकनिकच्या टेबलावर कर. पोळ्या-भाजी सकाळी सातच्या आत उरकायची. दुपारी दहीभात, काकडीची कोशिंबीर, दशम्या, मेतकूट-भात. कैरीचं पन्हं घरून अर्क करून ने, कोकमाचं आगळही. आईला बर्फाच्या पाण्यापेक्षा ते जास्त जाईल.

फ्रिजचं एक वेगळंच आहे. पुष्कळ आरव्हींत अजून अमोनियाचा, गॅसवरही चालणारा फ्रिज असतो. तो घरच्यासारखा जोरकस नसतो. गाडी सपाट उभी नसेल तर नीट चालत नाही, त्याच्या मागच्या जाळीवर थेट ऊन आलं आणि बाहेर शंभर झाले की धापा टाकतो. त्यात गरम भाजीचा डबा ठेवायचा नाही, खच्चून भरायचा नाही, वस्तू आधी गार करूनच आत ठेवायच्या. आणि बाबांचं इन्सुलिन त्याच्या भरवशावर ठेवू नकोस! न उघडलेलं इन्सुलिन दोन ते आठ सेल्सियसमध्ये लागतं, वापरात असलेलंही तीसच्या वर जाऊन चालत नाही. एक छोटा बर्फाचा कूलर वेगळा ठेव, त्यात थर्मामीटर, आणि कुपी बर्फाला थेट चिकटू द्यायची नाही, गोठलं की ते वाया गेलं. गाडीच्या पुढच्या खणात औषध ठेवायचं नाही, पाच मिनिटंसुद्धा.

आता जे सांगते ते नीट ऐक. दुपारी आई-बाबांना "तुम्ही आराम करा, आम्ही जाऊन येतो" म्हणून हूकअपवरच्या गाडीत एकटं सोडून तीन तास जायचं नाही. ब्रेकर पडला किंवा पूर्ण कॅम्पग्राउंडची वीज गेली, तर झोपेत त्यांना कळणार नाही आणि गाडी बघता बघता तापेल. उभ्या गाडीतलं तापमान पहिल्या दहा मिनिटांत वीसेक अंश फॅरनहाइट चढू शकतं. फोनवर सूचना पाठवणारे तापमानाचे सेन्सर मिळतात, तो लाव, पण झायनसारख्या दरीत फोनला रेंजच नसते हे धरून चाल. तू आणि समीर यांपैकी एकाने थांबायचं, किंवा सगळ्यांनी मिळून व्हिजिटर सेंटरमध्ये जायचं. तिथे एसी असतो, बसायला जागा असते आणि बाबांना तिथले नकाशे-फिल्म बघण्यात दोन तास सहज जातात.

वय वाढलं की तहान कमी लागते, हे तू आपल्या बाबांत पाहिलंच आहेस. रक्तदाबाच्या ज्या गोळ्यांनी लघवी जास्त होते, त्यांनी शरीरातलं पाणी आणखी कमी होतं. "पाणी हवं का" असं विचारायचं नाही, ग्लास हातात द्यायचा, दर तासाला. पारा ९५ च्या वर गेला की नुसता पंखा त्यांना पुरत नाही. तो गरम हवाच अंगावर फेकतो. मानेवर, काखेत ओला टॉवेल ठेवायचा. डोकं दुखणं, मळमळ, पायात गोळे इथपर्यंत सावलीत नेऊन पाणी-मीठ-साखर देणं ठीक आहे. पण बोलण्यात गोंधळ व्हायला लागला, चालताना तोल गेला, अंग तापलेलं लागलं आणि पारा १०३ च्या वर दिसला, तर घरगुती उपाय करत बसायचं नाही. ९११ ला फोन, आणि अॅम्ब्युलन्स येईपर्यंत अंगावर पाणी ओतत राहायचं. हे समीरला आणि मोठ्या मुलालाही शिकवून ठेव.

बारीकसारीक थोडं उरलं आहे. टायरमधली हवा सकाळी निघण्याआधी, थंड असताना बघायची. दुपारी आकडा वाढलेला दिसला म्हणून काढून टाकायची नाही. टायरवर चार आकडे कोरलेले असतात, पहिले दोन आठवडा, शेवटचे दोन वर्ष. फार जुने वाटले तर गाडी घेतानाच बोल. साठ मैलांच्या वर जाऊ नका. पाण्याची नळी उन्हात पडली असेल तर पहिलं पाणी वाहू दे, ते पोळतं. झायनच्या जुन्या बोगद्यातून मोठ्या गाड्या नेण्याबद्दल वेगळे नियम आहेत, निघण्याआधी पार्ककडून खात्री करून घे, नाहीतर ऐन वेळी वळसा पडतो.

आरक्षणाचं मात्र आजच बघ. झायनच्या वॉचमन कॅम्पग्राउंडला जनरेटर लावायला बंदी आहे, म्हणजे तिथे ए किंवा बी लूपमधली वीज असलेलीच साइट हवी, दुसरी घेतलीस तर शंभर अंशांत एसीविना बसावं लागेल. ती नाही मिळाली तर बाहेर स्प्रिंगडेलला खाजगी जागा बघ, नाहीतर झायनची रात्रच काढून टाक. ग्रँड कॅन्यनच्या मेथर कॅम्पग्राउंडला हूकअप नाही, तिथल्याच ट्रेलर व्हिलेजला आहे. त्या उंचीवर दोन्ही चालतील, पण बाबांसाठी मी ट्रेलर व्हिलेज घेईन. साइटचे नंबर मिळाले की मला पाठव. नकाशावर पश्चिम कुठे येते आणि गाडी कशी लावायची ते आपण दोघी रविवारी फोनवर बसून ठरवू. सर्ज प्रोटेक्टर आणि व्हेंटच्या गाद्या मी बाहेर काढून ठेवते.